आठ पॉइंट आठ

नागपूर, ६ जून

प्रिय भावना,

पत्र हा प्रकार तुझ्या हाताखालून फारसा गेला नसेल, म्हणून आधीच सांगते: ते वरून खाली वाचायचं असतं आणि मधला भाग पुढे ढकलायची सोय नसते. फोन करून पाहिला. अकरा दिवसांत नऊ वेळा. दर वेळी तुझ्या धाकट्या भावाने, संघपालने उचलला आणि दर वेळी एकच उत्तर दिलं, "दीदी झोपून राहिली, काकू." सकाळी नऊला झोपलेली, दुपारी एकला झोपलेली, संध्याकाळी सहालाही झोपलेली. सावनेरची हवा इतकी गाढ असेल असं मला वाटलं नव्हतं. मग आपल्या कॉलेजात झाडलोट करणाऱ्या कांताबाई माहेरी, सावनेरलाच जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "झोपते कुठची? बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून राहिली ते." म्हणजे तू जागी आहेस. उद्या रविवारी त्या पुन्हा तिकडे येतायत. हे पाकीट त्यांच्याजवळ देते आहे, फक्त तुझ्याच हातात द्यायचं असं बजावून.

कांताबाईंनी आणखीही एक सांगितलं. प्रात्यक्षिकात नापास झालीस तेव्हापासून तू पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरणार नाही म्हणतेस. फॉर्मची शेवटची तारीख अठरा आहे. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "माह्या डोयातच खोट आहे मावशी, मले रसायन जमत नाही. बाबांले म्या सांगून टाकलं." खाणीत तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला तू हे सांगितलंस, आणि त्यांनी ते मानून झेरॉक्सवाल्याकडे तुझ्यासाठी शब्द टाकला. या गोष्टीवर मी पाच-सहा दिवस विचार करते आहे. तेव्हा हे पत्र लांबेल. पंखा चालू कर आणि बस.

तुला मी कधी नीट सांगितलं नाही की मी त्या लॅबमध्ये आले कशी. तुम्हा मुलांना वाटतं, लॅबमधली माणसं बाकांबरोबरच बसवलेली असतात. उन्मेष, माझा नवरा, तिथे बावीस वर्षं होता. तो गेला, आणि त्याच्या जागी मला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. अनुकंपा हा फार सुंदर शब्द आहे. दुसऱ्याच्या थरथरण्याबरोबर आपणही थरथरणं, असा त्याचा अर्थ मी कितीतरी वर्षं शिकवणीला येणाऱ्या मुलांना सांगत आले. कार्यालयात मात्र त्याला वयोमर्यादा असते हे मला ठाऊक नव्हतं. माझी मर्यादा संपायला अकरा दिवस उरले होते. कारकुनाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथालयात नव्हती. रिकामी होती ती उन्मेषचीच, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली सहायकाची. संस्कृतची एम. ए. बाई आम्लांच्या बाटल्यांमध्ये काय करणार, असं तिथल्या कुणालाच वाटलं नाही. मला वाटलं होतं, पण माझं मत विचारणारा रकाना अर्जात नव्हता. घरी सासूबाई, बारावीतला मुलगा पुष्कर आणि पोटापुरती ही एकच नोकरी. मी सही केली.

ती खोली तुला माहीत आहे. दोन दारं, त्यातलं एक जुन्या जर्नलच्या कपाटांनी कायमचं बंद. खिडक्यांना जाळ्या, त्या जाळ्यांना गंज, आणि धूर बाहेर फेकण्यासाठी बसवलेला पंखा माझ्या येण्याआधीपासून आजारी. पहिल्या दिवशी कपाटात उन्मेषचा ॲप्रन सापडला. माझा मापाचा येईपर्यंत तोच घालायला सांगितलं. मापाचा अजून आलेला नाही. त्याच्या बाह्या मी चार वेळा दुमडते आणि चारही वेळा त्या उतरतात. तुम्ही मुलं हसायचात, ते मला ऐकू यायचं. हसण्यासारखंच दिसत होतं. पण रोज सकाळी त्या बाह्यांत हात घालताना मला वाटायचं की दार बंद होतंय आणि कडी बाहेरून आहे. सोडून जावं तर घर चालत नाही. राहावं तर प्रत्येक बाटलीवर त्याचं अक्षर.

विभागप्रमुख नंदिनी मॅडमनी मला तुमच्या बॅचमध्ये उभं केलं ते बरं झालं. "चारुलताताई, पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबरच शिकून घ्या, लाजू नका," म्हणाल्या. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत त्या. लाजू नका म्हणाल्या की लाज दुप्पट वाटते. अनुमापन हा त्या पुस्तकातला एकच शब्द माझ्या ओळखीचा निघाला, तोही तुम्ही कुणी वापरत नव्हता. तुम्ही टायट्रेशन म्हणायचात. काचेच्या उभ्या नळीतून, ब्युरेटमधून, थेंब थेंब सोडायचे, खालच्या पात्रातलं पाणी कधी फिकं गुलाबी होतं ते पाहायचं, आणि झालं की नळी बंद करून आकडा लिहायचा. ऐकायला पूजेइतकं सोपं. माझ्या हाताने पहिल्यांदाच पात्रातलं सगळं लग्नातल्या सरबतासारखं लालभडक झालं. तेव्हा तू शेजारच्या बाकावरून आलीस. पहिलं वाक्य काय बोललीस आठवतं? "काकू, तुम्ही वरून काहून पाहून राहिल्या? डोया त्या रेघेच्या बरोबरीनं आणा नं." मी म्हटलं, गुडघ्यांना विचारून सांगते. तू हसली नाहीस. स्टूल ओढलंस, मला बसवलंस आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून योग्य उंचीवर नेलंस. आमच्या पाठशाळेत गुरुजींनीसुद्धा इतका अधिकार गाजवला नव्हता.

डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने पात्र फिरवायचं, आणि नजर नळीवर न ठेवता रंगावर. शेवटचा थेंब अर्धा सोडायचा, पात्राच्या कडेला टेकवून उतरवून घ्यायचा. पिपेट तोंडाने ओढायची नाही, मागे लॅबचे जुने शिपाई गणपतराव उभे राहून "आमच्या येळेले आम्ही ॲसिडबी तोंडानंच ओढो" म्हणाले तरी नाही. हे सगळं मला तू शिकवलंस. सावनेरची सकाळची बस पकडून यायचीस, घामाने वेणी मानेला चिकटलेली, आणि आल्या आल्या ब्युरेट तीन वेळा धुवायचीस. बाकीचे एकदा धुवायचे. काही तर न धुताच धुतली म्हणून परत यायचे.

आता ते १०.२ चं प्रकरण. उन्मेषचा हात इतका स्थिर होता की ऑक्झॅलिक आम्ल आणि कॉस्टिक सोड्याचा प्रयोग लागला की रीडिंग दर वर्षी १०.२ यायचं. बावीस वर्षं. मोठ्या मुलांची जर्नलं धाकट्यांकडे जायची आणि त्याबरोबर हा आकडाही. पुढे पुढे मुलांनी तोटी उघडायचं सोडून दिलं; थोडं पाणी सांडायचं, थोडं गुलाबी करायचं आणि १०.२, १०.२, १०.२ असं लिहायचं. आमच्या शास्त्रात ज्ञान मिळवण्याच्या वाटा मोजून ठेवल्या आहेत. स्वतःच्या डोळ्याने पाहिलं ते प्रत्यक्ष. विश्वासाच्या माणसाने सांगितलं म्हणून मानलं ते शब्द. मी तुला एकदा हे सांगितलं होतं, तेव्हा म्हणालीस, "मंग आपल्या लॅबमध्ये सगळे शब्दवालेच हायेत का, काकू?" मी फार हसले. स्वतःला मी कुठल्या यादीत धरलं होतं, ते तेव्हा विचारलं नाहीस.

परीक्षेचा दिवस मी तुझ्यासाठी पुन्हा उगाळणार नाही, पण मी जिथे उभी होते तिथून तो कसा दिसला ते तुला ठाऊक नाही. एकोणतीस एप्रिल, पंचेचाळीसच्या वर पारा, वीस मुलं. बाहेरून आलेले परीक्षक सर रुमाल ओला करून मानेवर टाकून बसलेले. नंदिनी मॅडम शेजारच्या खोलीत तोंडी परीक्षा घेत होत्या. सर एकेक उत्तरपत्रिका पाहत होते आणि मान हलवत होते, १०.२, ठीक, १०.२, ठीक. तुझ्याजवळ आले आणि थांबले. तू तीनदा ८.८ लिहिलं होतंस. "हे कुठून आणलं?" तू म्हणालीस, "ब्युरेटमधून, सर." मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. तू केलंस. मी नळापाशी होते, तरी मला तुझा हात दिसत होता. जरासुद्धा हलला नाही. पुन्हा ८.८. ते नळीकडे वाकलेच नाहीत, त्यांनी कागद पाहिला. त्या कागदावर अपेक्षित आकडा होता. मग त्यांनी तुझं प्रवेशपत्र उचललं, आडनाव वाचलं आणि "अस्सं" म्हणाले. तो एक शब्द मी बरोबर ऐकला. "एकोणीस जण चुकले आणि तू एकटी शहाणी?" तू म्हणालीस, "मले माहीत नाही सर. मले हेच दिसून राहिलं." त्यांनी पूर्ण प्रयोगाला शून्य दिलं आणि वर उद्धट असं लिहिलं.

तेव्हा तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी नळ सोडला आणि एक स्वच्छ बीकर धुवायला घेतला.

नंतर जिन्यावर तू रडत नव्हतीस, तेच जास्त वाईट होतं. स्वतःच्या बोटांकडे पाहत म्हणालीस, "माह्या डोयातच खोट असन, काकू. सगळ्यांले दहा दिसून राहिलं त मले आठ काहून दिसावं?" मी तुला रसवंतीवर नेलं, उसाचा रस पाजला आणि म्हटलं, पुढच्या वेळी होईल. माझ्या आयुष्यात मी जी काही गोड वाक्यं बोलले, त्यातलं सगळ्यात घाणेरडं ते. कारण त्या वेळी मला एक गोष्ट माहीत होती आणि तुला नव्हती.

अपेक्षित आकड्याचा तो कागद माझ्या अक्षरात होता. नियम असा आहे की परीक्षेच्या आदल्या दिवशी द्रावणं तयार करायची, स्वतः एकदा अनुमापन करून पाहायचं आणि जो आकडा येईल तो कागदावर लिहून सही करायची. उन्मेष दर वर्षी करायचा. मी केलं नाही. तुमच्यात बसून शिकले खरी, पण एकटीने कधी केलं नव्हतं. तू शेजारी नसताना तोटी उघडायची मला भीती वाटायची. मी उन्मेषच्या वहीतून १०.२ उतरवलं आणि खाली सही ठोकली. म्हणजे शब्दवाल्यांची यादी करायची झाली, तर पहिलं नाव माझं.

आणि तेवढंच असतं तरी निभावलं असतं. आदल्या दुपारी मी पाच लिटरच्या कॅनमध्ये ऑक्झॅलिकचे स्फटिक मोजून टाकले, डिस्टिल्ड पाण्याची नळी आत सोडली, आणि कार्यालयातून फोन आला. माझ्या परिवीक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या फाइलमध्ये एक कागद कमी होता. तो नसेल तर ऑगस्टमध्ये मला कायम करता येणार नाही म्हणे. कुठला कागद, ते त्यांना सापडत नव्हतं. मी बोलत राहिले. परत आले तर पाणी पाचाच्या रेघेवरून केव्हाच निघून कॅनच्या गळ्याला टेकलं होतं. ते द्रावण ओतून पुन्हा करायला हवं होतं. स्फटिक संपले होते, नव्या पाकिटाला तीन सह्या लागतात, आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी दहाला. गणपतराव तिथेच होते. म्हणाले, "जाऊ द्या नं म्याडम, पानी जास्त झालं त काय झालं, पोट्टे थोडीच पिऊन राहिले!" गणपतरावांवर मी काही ढकलत नाही. माझ्या गाठीशी पंचवीस वर्षांची आमटी आहे; अचानक दोन पाहुणे वाढले की मी पाणी घालते आणि कुणी ताट बाजूला सारलेलं नाही. मी त्याच हाताने कॅन हलवला आणि झाकण लावलं.

परीक्षेच्या दिवशी एकोणीस जणांनी १०.२ लिहिलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पाण्याने काही बिघडलं नाही असं मी स्वतःला पटवलं. एकोणीस साक्षीदार होते माझ्याकडे. त्यांनी तोटी उघडली नव्हती हे मी रोज पाहत आलेली बाई, पण त्या दिवशी मला ते पाहायचं नव्हतं. फक्त तुझा कागद मधे येत होता. रात्री नाही, हं, दिवसाच; काम करताना, बसमध्ये, भाजी निवडताना.

उरलेली दोन्ही द्रावणं मी फेकली नाहीत. का, ते नीट सांगता येणार नाही. रंगीत बाटल्यांत भरून, तारीख घालून मागच्या कपाटात ठेवली. मागच्या शनिवारी दुपारी कॉलेजला सुट्टी, लॅबमध्ये मी एकटी, लाइट गेलेली. दार आतून लावून घेतलं. ब्युरेट तीन वेळा धुतली. स्टूल ओढलं, डोळा रेघेच्या बरोबरीने आणला. पहिल्यांदा अंदाजे नऊ. मग ८.८. मग ८.८. मग ८.८. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं रीडिंग तीनदा सारखं आलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तुझ्या डोळ्यांत काही नाही, भावना. खोट कॅनमध्ये होती; पाणी वाढलं की आम्ल पातळ होतं, नळीतून कॉस्टिक कमी लागतं आणि आकडा उतरतो. त्या खोलीत त्या दिवशी खरं रीडिंग घेतलेली तू एकटी होतीस.

इतकं कळल्यावर माणूस उठून जातो आणि सांगतो, असं पुस्तकात असतं. मी आठवडाभर घरातच फिरत राहिले. सांगितलं तर ऑगस्टमध्ये कायम करायचं सोडाच, आहे तेही जाईल. पुष्करचं काय, सासूबाईंच्या औषधांचं काय. आणि उन्मेष. बावीस वर्षं ज्याच्या आकड्याला कुणी बोट लावलं नाही, त्याच्या जागी त्याच्याच बायकोने पाणी घातलं, हे लोक वर्षानुवर्षं सांगणार. गप्प बसले तर सगळं सुरळीत. फक्त सावनेरला एक मुलगी दुसऱ्यांच्या जर्नलच्या झेरॉक्स काढत बसणार, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता. यातून बाहेर पडायला मला कुठेही दार दिसेना. कांताबाईंनी तुझं वाक्य सांगितलं तेव्हाही दिसलं नाही. मला फक्त एवढं कळलं की मी तुलाही आत घेऊन कडी लावली आहे.

म्हणून आज सकाळी सगळं लिहून, सही करून नंदिनी मॅडमच्या हातात दिलं. त्याची प्रत या पाकिटात आहे, बाबांना वाचून दाखव. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "ताई, याने तुमचं काय होईल ते कळतंय ना?" मी म्हटलं, पूर्ण नाही कळत. गणपतरावांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली, वर मला ऐकवलं, "मी मजाक करून राहिलो होतो म्याडम, तुम्ही खरंच मानलं का जी!" प्राचार्यांनी पुढच्या सोमवारी, पंधराला, अकरा वाजता समिती बोलावली आहे. दोन्ही बाटल्यांना लाख लावून सील केलंय. समितीसमोर तू त्यांचं रीडिंग घ्यायचं आहेस. कॉलेजचं अधिकृत पत्र पोस्टाने यायला वेळ लागेल, म्हणून मी आधी कळवते आहे. बाबांना घेऊन ये. बाकीच्या एकोणीस जणांनाही विचारणार आहेत, तेव्हा सगळेच तुझ्याकडे पाहून हसतील असं समजू नकोस. आणि एक. तुला मी ८.८ हा आकडा लिहून टाकला, हे करायला नको होतं. पण तो न सांगता हे पत्र लिहिता येत नव्हतं. ती द्रावणं पाच आठवडे बाटलीत आहेत. कॉस्टिक हवा खातं आणि त्याचा जोर उतरतो म्हणतात. कदाचित नऊ दिसेल, कदाचित आणखी काही. माझी नोकरी त्या आकड्यावर आहे असं मनात आलं तर तोटी बंद करून पाणी पिऊन ये. मग तुला जे दिसेल ते लिही. मला तोवर लॅबमध्ये पाऊल टाकायची मनाई आहे, ॲप्रनही जमा करून घेतला. मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. आत काय आलं ते मला कुणीही सांगणार नाही. तेवढं तू बाहेर आलीस की सांग.

तुझीच,
चारुकाकू